सहीनंतरचे दोन कंस

नाशिक रोडच्या त्या शाळेत संगणकाच्या खोलीत चपला घालून जाता येत नसे. दाराबाहेर चपलांची रांग, आत जाजम, जाजमावर चार टेबलं, टेबलांवर चार मशीन आणि प्रत्येक मशीनवर फुलाफुलांचं कापडी आवरण. ती आवरणं शिवणाच्या बाईंनी शिवली होती. कीबोर्ड मात्र खोलीत नसत. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात असत. तासाला जाताना मागून न्यायचे, तास संपला की मोजून परत द्यायचे आणि वहीत सही करायची. पस्तीस मिनिटांच्या तासातली सहा-सात मिनिटं यात जात. मी हे एकदा मुख्याध्यापकांना लेखी कळवलं. उत्तर तोंडी आलं.

"मॅडम, मशीन कुठं पळून जात नाही. पण बटणं मुलं उपटतात."

एकाही मुलानं एकही बटण उपटलेलं नव्हतं. ते मी पुन्हा लेखी कळवलं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची काही वर्षं होती. त्याआधी पाच वर्षं मी एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर होते. आलेली बातमी वाचायची, कापायची, मथळा द्यायचा, पान तपासून सोडायचं. पानं संगणकावर लागायला लागली तेव्हा आम्हाला थोडं प्रशिक्षण मिळालं. मला ते यंत्र आवडलं. पुढचं मी इंदिरानगरमधल्या एका क्लासमध्ये शिकले. घरी लहान मूल होतं, वर्तमानपत्राची पाळी उशिरा संपायची आणि शाळा दुपारी सुटायची. मी शाळेत आले ती एवढ्याच कारणानं. शाळेतल्या इतर शिक्षिकांना मुलं 'बाई' म्हणत. मला मात्र पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणत. संगणक शिकवणारी व्यक्ती बाई असू शकत नाही, असं त्यांनी आपसात ठरवलेलं दिसलं.

आठवीच्या तीन तुकड्या होत्या आणि मशीन चार. प्रत्येक मशीनवर तिघं, म्हणजे बारा जागा. त्यासाठी अर्ज आले, त्यातून बारा नावं निवडली, चार नावं प्रतीक्षा यादीत ठेवली. सहामाहीला परीक्षा व्हायची. बारांतले शेवटचे चार बाहेर जायचे आणि प्रतीक्षा यादीतले चार आत यायचे. मुख्याध्यापक याला 'फिरती बाकं' म्हणत. मुलं याला 'आउट' म्हणत.

शिकवायचं होतं बेसिक, म्हणजे त्या काळी शाळांमधून शिकवली जाणारी प्रोग्रॅमिंगची साधी भाषा. प्रमाणपत्र देणारी संस्था बाहेरची होती आणि तिनं नेमलेलं एक गाईड होतं. त्यात तीस प्रोग्रॅम छापलेले होते. प्रत्येकाखाली 'आउटपुट' असं लिहून, तो चालवल्यावर पडद्यावर काय दिसेल तेही छापलेलं होतं. गाईडच्या बाहेरचं काही शिकवू नये अशी सूचना नव्हती. तशी गरज कुणाला वाटली नसावी.

पहिल्या आठवड्यात मी मुलांना सांगितलं, की मशीनच्या पोटात डबे असतात. डब्याला नाव असतं. 'ए' नावाच्या डब्यात मी पाच ठेवले. आता त्याच डब्यात सात ठेवले. तर डब्यात काय आहे?

"बारा," एक मुलगा म्हणाला.

"मी बेरीज सांगितली नाही. डब्यात एकच संख्या मावते."

"मॅडम, माझ्या डब्यात दोन मावतात. खाली पोळी, वरच्या कप्प्यात भाजी."

"या डब्याला कप्पे नाहीत."

"मग आमटी असली तर?"

"आमटी नाही. संख्या. आधी पाच होते, मग सात ठेवले. आता काय आहे?"

"सात. पण पाच कुठं गेले?"

"गेले. संपले."

"टाकून दिले?" हे एका मुलीनं विचारलं आणि बाराच्या बारा चेहरे माझ्याकडे पाहू लागले. डब्यातलं टाकून देणं त्यांच्या घरी चालत नव्हतं. पुढची दहा मिनिटं पाचाचं काय करावं यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, शेजारच्याला द्यावेत. कुणी म्हणालं, आधीच सांगायचं ना, मोठा डबा आणला असता. घंटा झाली. मी कीबोर्ड मोजून परत दिले.

दुसऱ्या दिवशी बालवाडीतून एक पाटी मागून आणली. तिच्यावर पाच लिहिले, पुसले आणि सात लिहिले. विचारलं, पाटीवर काय आहे? बारा जण एका सुरात "सात" म्हणाले. पाच कुठं गेले हे कुणी विचारलं नाही.

"मॅडम, हे एवढंच होतं," भाजीच्या कप्प्याचा मुलगा म्हणाला, "तर काल डबा डबा काय करत होतात?"

गणिताच्या सरांशी वाद झाला तो दुसऱ्या महिन्यात. एका मुलाच्या वहीत त्यांना 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' असं लिहिलेलं दिसलं. ते वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं, की एक्समध्ये आता जे आहे त्यात एक मिळवून ते पुन्हा एक्समध्येच ठेव, असा याचा अर्थ.

"अर्थ मला विचारायचा नाही. लिहिलंय काय? दोन्हीकडून एक्स काढा. शून्य बरोबर एक. मॅडम, मी सव्वीस वर्षं आठवी शिकवतोय. शून्य बरोबर एक अजून झालेलं नाही."

"सर, इथं ते चिन्ह 'बरोबर' नाही. 'ठेव' असं आहे."

"मग 'ठेव' लिहा. बरोबरचं चिन्ह कशाला वापरता? ते आमचं आहे."

ते चिन्ह मी निवडलेलं नव्हतं. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात 'संगणक विषयामुळे गणिताच्या पायावर होणारा परिणाम' अशी एक ओळ आली. पुढे महिनाभर मधल्या सुट्टीत सरांचा चहा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असे.

एवढ्यावर भागलं असतं. मुलं विचारत होती, भांडत होती, चुकत होती. मग जर्नल आलं आणि विचारणं बंद झालं.

जर्नल म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. रिवाज असा होता : आधी गाईडमधला प्रोग्रॅम जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचा. खाली आउटपुटही लिहायचं. मग ते शिक्षकांना दाखवायचं. शिक्षकांनी लाल पेनानं सही करायची. सही झाली, की मगच मशीनला हात लावायचा. मशीन खराब होऊ नये म्हणून हा नियम होता. चुकीचा प्रोग्रॅम लिहिल्यानं मशीन खराब होत नाही, हे मी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं. "होत नसेल," ते म्हणाले, "पण सवय चांगली आहे."

त्या सवयीचा परिणाम असा, की प्रोग्रॅम चालवून बघण्याआधीच त्याचं उत्तर जर्नलमध्ये लिहिलेलं असे. त्यावर माझी सहीही असे. मशीनपाशी पोचेपर्यंत मुलांच्या लेखी काम संपलेलं असायचं. तिघांतला एक जर्नल मोठ्यानं वाचे, दुसरा टाइप करी, तिसरा पंख्याखाली बसे. मशीननं काय उत्तर दिलं ते बघायला कुणी थांबत नसे. उत्तर जर्नलमध्ये होतंच, आणि तेही स्केचपेनच्या चौकटीत. काही मुलींनी चौकटीच्या चार कोपऱ्यांत गुलाब काढले होते.

आणि पाठांतर. शाळा सुटताना वऱ्हांड्यातून पाढ्यांच्या चालीवर प्रोग्रॅम ऐकू येत. "दहाऽ, सीएलएस, वीसऽ, इनपुट एऽ..." ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे का देतात, असं मी एकदा विचारलं. मध्ये ओळ घालायला जागा राहावी म्हणून, हे उत्तर पहिल्याच धड्यात शिकवलेलं होतं. बारांतल्या आठांनी लिहिलं : 'कारण तो दहाचा पाढा आहे.' मी एक प्रोग्रॅम फळ्यावर लिहिला आणि ओळींचे आकडे शंभरापासून सुरू केले. शेवटी एकानं हात वर केला.

"मॅडम, हा आम्हाला नाहीये."

"हा नऊ नंबरचाच आहे. फक्त आकडे बदललेत."

"मग तसं सांगा ना. पहिलं दहानं करा, लगेच म्हणून दाखवतो."

बारांतली एक मुलगी सटाण्याकडची होती. तिच्या बोलण्यात तिकडच्या अहिराणीतलं 'शे', म्हणजे 'आहे', अधूनमधून यायचं आणि मुलांना ते पुरेसं होतं. "काय शे गं?" असं कुणीतरी रोज विचारी. "तुझं डोकं शे," ती म्हणे, "मोकळंच शे." तिला पाठ काही होत नसे. जर्नल अस्वच्छ असे, कारण उतरवून झाल्यावर ती पुन्हा वाचायची आणि वाचताना काहीतरी खोडायची. खाडाखोडीचे गुण मी कापत असे. जर्नलचे गुण देण्याचा तक्ता ठरलेला होता आणि त्यात खाडाखोडीला रकाना होता.

सत्राच्या सुरुवातीला तिचे मामा मला भेटून गेले होते. सरकारी छापखान्यात नोकरीला होते आणि पाळी संपवून सरळ शाळेत आले होते.

"मॅडम, ही माझ्या बहिणीची मुलगी. तिच्या वडिलांची तिकडं पिठाची गिरणी आहे. शाळा तिकडंबी आहे, पण कॉम्प्युटर नाही. पोरीनं हट्ट धरला, म्हणून आणली. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या. आमची तीन पोरं, ही चौथी. मी काही तक्रार करत नाही. कॉम्प्युटर चालू आहे तोवर राहील."

"आणि सहामाहीला नाव गेलं तर?"

"तर मग दिवाळीला घरी जाईल ती तिकडंच राहील. नुसती आठवी तिकडंबी आहे ना."

मुलगी शेजारी उभी होती. ती माझ्याकडे किंवा मामांकडे पाहत नव्हती. दारातून आतल्या फुलाफुलांच्या आवरणांकडे पाहत होती.

गाईडमधला चौदा नंबरचा प्रोग्रॅम सरासरीचा होता. तीन विषयांचे गुण मशीनला द्यायचे, मशीन सरासरी सांगणार. पहिल्या विषयाचे गुण ए, दुसऱ्याचे बी, तिसऱ्याचे सी. खाली उदाहरण दिलं होतं : पन्नास, साठ, सत्तर. आउटपुट साठ. बारांनी तो जर्नलमध्ये उतरवला. बारांवर मी सही केली. सही करताना डाव्या हाताला गाईड उघडं असे आणि माझी नजर गाईडवरून जर्नलवर, जर्नलवरून गाईडवर जात असे. जुळलं, की सही.

त्या दिवशी घंटेला दोन-तीन मिनिटं असताना ती मशीनपाशी उठून उभी राहिली.

"मॅडम, एकशे तेहतीस येतंय."

"काय येतंय?"

"सरासरी. साठ यायला पाहिजे ना? एकशे तेहतीस येतंय, पुढं पॉइंट पण आहे."

"टाइप करताना चुकलं असेल. पुन्हा करा."

"दोनदा केलं."

"मग तिसऱ्यांदा करा. जर्नलमध्ये बघून."

"मॅडम, शंभरपैकी एकशे तेहतीस कसे..."

घंटा झाली. मी कीबोर्ड गोळा करत होते. बाकीच्या टेबलांवरही त्या दिवशी एकशे तेहतीसच आलेलं असणार. कुणी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल तर जर्नलमध्ये साठ लिहिलेलं आहे म्हणून सोडून दिलं होतं. मी चार कीबोर्ड मोजले, वहीत सही केली आणि घरी गेले.

सहामाहीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सफारीतले गृहस्थ, हातात रेक्झिनची बॅग. दाराशी बूट काढायला सांगितल्यावर त्यांनी ते जरा नाराजीनं काढले. मोज्याला भोक होतं आणि बारा मुलांनी ते पाहिलं. मशीन सुरू झाली, आणि पाच मिनिटांत लाइट गेली. शिपायाला चौकशीला पाठवलं. लाइट दुपारनंतर येईल, असं कळलं. परीक्षकांना दुपारी दुसऱ्या शाळेत जायचं होतं.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "कागदावर घेऊ."

त्यांनी गाईड उघडलं, पानं चाळली आणि बोट ठेवलं. "सगळ्यांनी चौदा नंबर लिहा. आउटपुटसकट."

पाच मिनिटांत अकरा कागद आले. अकरांवर एकच मजकूर होता. बारावा कागद थोड्या वेळानं आला. परीक्षकांनी तो वाचला, गाईडवर ठेवून पुन्हा वाचला आणि नंबर पुकारून तिला पुढे बोलावलं.

"हा प्रोग्रॅम कुठून आणला?"

"कुठून नाही सर. लिहिला."

"गाईडमध्ये असा आहे का?"

"नाही."

"मग?"

ती गडबडली आणि 'चुकलंय' म्हणायचं तिथं घरची भाषा आली. "गाईडमधलं चुकेल शे."

मागून हसण्याचा आवाज आला. परीक्षकांनी तिचं जर्नल मागवलं. चौदा नंबरचं पान काढलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं.

"सही लाल. हे दोन कंस निळे. आधी काय झालं? सही की कंस?"

"सही."

"म्हणजे शिक्षकांनी तपासून सही केल्यावर तू त्यात कंस घातलेस."

"हो."

"याला फेरफार म्हणतात. कळतं ना?"

तिनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही. परीक्षकांनी तिच्या कागदावर शून्य लिहिलं. दहापैकी शून्य. जर्नलचे गुण आधीच भरलेले होते. मी मनात बेरीज केली. ती दहावी येत होती. शेवटचे चार म्हणजे नववा ते बारावा. तिनंही बेरीज केली असावी, कारण ती जागेवर जाऊन बसली आणि दप्तर भरायला लागली. दिवाळी दहा दिवसांवर होती.

तेव्हा मी गाईड हातात घेतलं आणि चौदा नंबरचा प्रोग्रॅम वाचला.

तो मी पहिल्यांदाच वाचत होते. त्याआधी जुळवला होता. 'ए अधिक बी अधिक सी भागिले तीन.' कंस नव्हता. मशीन आधी भागाकार करतं, म्हणजे फक्त शेवटच्या विषयाचे गुण तीननं भागले जातात आणि बाकीचे दोन तसेच मिळवले जातात. खाली छापलेलं साठ हे मशीनचं उत्तर नव्हतं. कुणीतरी ते तोंडी काढून छापलं होतं. वर्तमानपत्रात असं पान माझ्या हातून गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला संपादकांपुढे उभं राहावं लागलं असतं. 'वृत्तसंस्थेची तार चुकीची होती' हे कारण तिथं चालत नसे. तुम्ही वाचली होती का, एवढाच प्रश्न असे.

"सर," मी म्हणाले, "गाईड चुकलंय. तिचं बरोबर आहे."

"मॅडम, ही सातवी आवृत्ती आहे."

"सातही आवृत्त्यांत चुकलं असेल."

"आणि ही अकरा जर्नलं? यांवर सह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"बारा म्हणा. हिच्याही जर्नलवर आहे. चूक होती तर तेव्हा दिसली नाही?"

"नाही. मी वाचलं नव्हतं. गाईडशी जुळवून सही केली. तिनं मला वर्गात सांगितलं होतं, एकशे तेहतीस येतंय म्हणून. मी तिला पुन्हा टाइप करायला सांगितलं."

मागच्या टेबलावरून एक कुजबुज आली, ती सगळ्यांना ऐकू आली. "मॅडमनी वाचलंच नव्हतं!" त्यात तक्रार नव्हती, आनंद होता. दुसरा म्हणाला, "मॅडम आउट."

परीक्षकांनी मुख्याध्यापकांना बोलावलं. मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजू ऐकल्या, बंद मशीनकडे पाहिलं आणि शिपायाला गणिताच्या सरांकडे पाठवलं. मला तो निर्णय मुळीच आवडला नाही.

सर हातात खडू घेऊनच आले. चपला बाहेर काढल्या, गाईड पाहिलं, कागद पाहिला आणि फळ्याकडे वळले.

"पदावली सोडवायचा क्रम काय?"

"कंचेभागुबेव!" बारा जण ओरडले. कंस, मग 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाचवीपासूनचं पाठांतर. हेच बारा जण दोन महिने रोज चौदा नंबर म्हणत होते. दोन पाठांतरांची एकमेकांशी गाठ पडलेली नव्हती.

"कंस नाही. मग आधी काय?"

"भागाकार!"

सरांनी सत्तर भागिले तीन केलं, त्यात साठ मिळवले, पन्नास मिळवले आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. एकशे तेहतीस, पुढे दशांश चिन्ह, पुढे तीन, तीन.

"शंभरपैकी एकशे तेहतीस सरासरी," ते परीक्षकांना म्हणाले. "असा विद्यार्थी मिळाला तर माझ्या वर्गात पाठवा." मग माझ्याकडे वळले. "इथं ते चिन्ह 'बरोबर' आहे की अजून 'ठेव'च आहे?"

"ठेव," मी म्हणाले.

"असो."

आता प्रश्न अकरांचा होता. मुख्याध्यापक परीक्षकांना बाजूला घेऊन हळू बोलत होते, पण खोली लहान होती. "अकरा जणांना शून्य म्हटलं तर पालक इथं येऊन बसतील. विषयच बंद पडेल." परीक्षकांना बसची वेळ दिसत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, बूट पाहिले आणि गुणपत्रकावर शेरा लिहिला. तो मी नंतर वाचला : 'प्रश्नाची दोन्ही उत्तरे ग्राह्य.' बरोबर आणि चूक दोन्ही बरोबर ठरली. तिला दहा मिळाले. बाकीच्यांना दहा होतेच. मी म्हणाले, चुकीच्या उत्तराला ग्राह्य म्हणू नये, हवं तर प्रश्न रद्द करा. ते म्हणाले, रद्द करायचा अधिकार त्यांना नाही, ग्राह्य धरायचा आहे.

यादी लागली तेव्हा ती सातवी होती. मामा पुन्हा आले. त्यांनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली.

"म्हणजे दिवाळीनंतर परत आणायची म्हणा."

"हो."

"बरं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खूश नव्हता, नाराजही नव्हता. दोन खोल्यांत चौथ्याची झोपायची जागा ते मनात शोधत असावेत.

ती वर आली म्हणून आठवा मुलगा नववा झाला आणि बाहेर गेला. डब्यातल्या भाजीच्या कप्प्याचा तोच मुलगा. त्याचे वडील आले ते शांत होते आणि त्यामुळे अवघड होतं. "मॅडम, त्यानं गाईडप्रमाणे लिहिलं. जर्नलवर तुमची सही होती. त्याचं चुकलं कुठं?" मी सांगितलं, त्याचं चुकलं नाही, माझं चुकलं. "मग बाहेर तो कसा?" त्यांनी विचारलं. मी मुख्याध्यापकांना तेरावी जागा मागितली. एका मशीनवर चौघं बसतील, असं सुचवलं. जाजमावर जागा नाही, असं उत्तर आलं.

गाईडच्या मागच्या पानावर पत्ता होता. मी पत्र लिहिलं : पान अमुक, ओळ अमुक, छापले आहे ते असे, हवे ते असे. वर्तमानपत्रात शुद्धिपत्र लिहिण्याची जी पद्धत होती, त्याच पद्धतीनं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी आठवी आवृत्ती आली. मुखपृष्ठ नवीन होतं, चौदा नंबर तसाच होता.

शाळेत मात्र चूक लगेच दुरुस्त झाली, आणि दुरुस्त झाली म्हणजे काय झालं तेही सांगायला हवं. सगळ्यांनी कंस पाठ केले. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात दोन संख्यांची बेरीज आली, तीही कंसात. नाव छापायचं आलं, तेही कंसात. एकानं ओळीचा आकडा कंसात घातला. मी विचारलं, हा कंस कशाला? "मॅडम, नाहीतर एकशे तेहतीस येतात," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात सटाण्याची मुलगी तिसऱ्या मशीनपाशी बसली होती. नवा प्रोग्रॅम होता, सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा. तिचं जर्नल तिच्या मांडीवर बंद होतं आणि ती टाइप करत होती.

"सही कुठाय?" मी विचारलं.

"घेते ना मॅडम. आधी चालवून बघते."

"नियम काय आहे?"

"आधी सही, मग मशीन." तिनं कीबोर्डवरून बोटं उचलली नाहीत. "पण मागच्या वेळी सही झाली होती ना."

तिच्या शेजारच्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि वऱ्हांड्यातून मुख्याध्यापकांच्या चपलांचा आवाज येत होता. मी दार लोटून घेतलं आणि तिच्या मागे येऊन उभी राहिले. तिनं शेवटची ओळ लिहिली, चालवायचं बटण दाबलं. पडद्यावर तिसऱ्या ओळीत चूक असल्याची सूचना आली.

"बघा," ती म्हणाली, "सही केली असती तुम्ही."

आणि ती तिसरी ओळ वाचायला लागली.